करार २०४८ पर्यंतचा, माझा दोन वर्षांचा

तू विचारलंस, "दादा, कतारशी गॅसचा करार २०४८ पर्यंत झालाय, म्हणजे तिकडची नोकरी पक्कीच ना?" चार ओळींत उत्तर देणार होतो. रात्रपाळीहून आलो आणि लिहीतच बसलो.

व्हिसा-पगाराचं एजंट सांगेलच. करार खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या पेट्रोनेट या गॅस आयात करणाऱ्या कंपनीने सही केली. २०२८ पासून २० वर्षं, वर्षाला ७५ लाख टन एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस. मी असतो त्या कतारच्या रास लफान बंदराहूनच गुजरातमधल्या दहेज बंदराला जहाजं सुटतात. सहीनंतर आठवडाभरातच, इथे आधी फाशी सुनावलेले आपले आठ माजी नौसैनिक सुटले. गिऱ्हाईक मोठं असलं की शब्दाला वजन येतं, असं आम्ही मेसमध्ये म्हणालो.

पण ते वजन देशाचं, तुझं-माझं नाही. २०१५ ला तेल गडगडलं, तेव्हा भारताने कतारशी असलेल्या जुन्या गॅस कराराचा दर जवळपास निम्म्यावर आणून घेतला, माल कमी उचलल्याचा दंडही माफ करून घेतला. गावाहून अभिमानाचे मेसेज येत होते. त्याच हिवाळ्यात कंपनीने माणसं कमी केली, आमच्या खोलीतल्या चारपैकी दोन खाटा रिकाम्या झाल्या. एकाचा कुकर अजून माझ्याकडे आहे.

तुझं लग्न झालंय ना? बायको-पोरांना इकडे आणायचं असेल तर लग्नाचा दाखला आणि बायकोचा पासपोर्ट आजच शेजारी ठेवून बघ. आमच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मुंबईचा एजंट म्हणाला, "चालतं हो." नाही चाललं. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पुन्हा शिक्के, पुन्हा दूतावास... पाच महिने गेले. तोवर इथल्या भारतीय शाळेतले प्रवेश बंद. पुढच्या वर्षी जागा नाही. मग बायको म्हणाली, राहू दे, चिपळूणची शाळा काय वाईट आहे? वाईट नाहीच. पण त्या "चालतं हो" चा राग अजून जात नाही. खरं तर दाखला मीही वाचला नव्हता.

एकटेपणाचं विचारलंस, त्यात काही नाही. सवय होते.

पोरगा आता नववीत आहे. लहानपणी फोनवर "ए बाबा, कधी येतोस?" असायचं. मागच्या गणपतीत घरी पोचलो, तर पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाला, "अहो बाबा, किती दिवस आहात?"