अमेरिकेत नवनाझींच्या हिंसेपुढे एखादं शहर उभं राहिल्याचं खरं उदाहरण आहे का? अशा वेळी सामान्य माणसं नेमकं काय करू शकतात?

हो, आहे. मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहराचं, 1993 सालचं. पण ते नीट कळायला आधी ओरेगनमधल्या पोर्टलंडचं सांगायला हवं. बिलिंग्जचा पोलीसप्रमुख तिथूनच आलेला होता, आणि पोर्टलंडला काय झालं ते त्याने जवळून पाहिलं होतं.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की धाकटा भाऊ शिकायला पोर्टलंडजवळ चालला आहे आणि घरचे धास्तावले आहेत. मी त्याच भागात, बीव्हर्टनला, बरीच वर्षं राहतो आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

13 नोव्हेंबर 1988 च्या पहाटे पोर्टलंडच्या आग्नेय भागात मुलुगेटा सेराव या 28 वर्षांच्या इथिओपियन तरुणाला तिघा नवनाझी स्किनहेडनी (डोकं भादरून फिरणाऱ्या, हिटलरला मानणाऱ्या पोरांनी) रस्त्यात गाठलं आणि बेसबॉलच्या बॅटने डोक्यात मारून त्याचा जीव घेतला. शिकायला म्हणून आलेला मुलगा, विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीची बस चालवून पोट भरत होता. मित्रांनी त्याला घरापाशी सोडलं होतं, इतकंच. मारेकरी ‘ईस्ट साइड व्हाइट प्राइड’ नावाच्या टोळीतले होते.

ही टोळी आकाशातून पडली नव्हती. ओरेगन राज्याच्या 1857 च्या घटनेतच कृष्णवर्णीयांना राज्यात वस्तीला मज्जाव होता आणि ते कलम 1926 पर्यंत कागदावर राहिलं. त्यात शेजारच्या आयडाहोत तळ ठोकून बसलेल्या ‘आर्यन नेशन्स’ या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेने 1980 च्या दशकात वायव्येकडची पाच राज्यं फक्त गोऱ्यांसाठी हवीत असा प्रचार सुरू केला. ओरेगन आणि मोंटाना दोन्ही त्या पाचात होती. कॅलिफोर्नियातला टॉम मेट्झगर हा ‘व्हाइट आर्यन रेझिस्टन्स’ या संघटनेचा म्होरक्या. तो आपली माणसं पाठवून गावोगावच्या स्किनहेड पोरांना चिथावत होता. पोर्टलंडमध्ये मारहाणी, धमक्या, भिंतींवरची नाझी चिन्हं खुनाच्या आधीपासून सुरू होती. बहुतेकांनी ती वाया गेलेल्या पोरांची हुल्लड म्हणून सोडून दिली.

खुनानंतर मात्र लोक हलले. ‘कोअलिशन फॉर ह्यूमन डिग्निटी’ नावाचा नागरिकांचा गट उभा राहिला. त्यांचं काम दिसायला अगदी कंटाळवाणं होतं. कुठली टोळी, तिचे म्होरके कोण, पत्रकं कोण छापतं, पैसा कुठून येतो, याची माहिती चिकाटीने गोळा करायची आणि अहवाल छापून लोकांपुढे, पत्रकारांपुढे ठेवायची. माझ्या मते त्या शहरावर सगळ्यात मोठे उपकार या गटाचे आहेत, आणि त्यांची आठवण सगळ्यात कमी काढली जाते. दुसरीकडे वंशवादाच्या विरोधातले स्किनहेड (सगळेच स्किनहेड नाझी नव्हते) आणि ‘अँटी-रेसिस्ट अ‍ॅक्शन’ची तरुण मुलं होती. पंक संगीताचे कार्यक्रम हे नाझी टोळ्यांचं पोरं गळाला लावायचं ठिकाण, म्हणून या मुलांनी तिथून त्यांना हुसकावायला घेतलं. त्यात हाणामाऱ्या झाल्या. त्या मला पटत नाहीत. पण ती दारं बंद झाली नसती तर आणखी कितीतरी पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्या टोळ्यांत ओढली गेली असती, हेही मी मानतो.

कोर्टातही लढाई झाली. सेरावच्या कुटुंबाच्या वतीने ‘सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे वकील मॉरिस डीस यांनी मेट्झगरवर दिवाणी दावा लावला. चिथावणी देणारा दूर बसून हात झटकू शकत नाही, हा त्यातला मुद्दा. ऑक्टोबर 1990 मध्ये ज्यूरीने सव्वा कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. मेट्झगरचं घरसुद्धा विकलं गेलं.

पण मुलुगेटा सेराव परत आला नाही, आणि तेच वेन इनमन यांच्या मनातून गेलं नाही. ते त्या काळात पोर्टलंडच्या पोलीस दलात होते. पुढे ते बिलिंग्जचे पोलीसप्रमुख झाले. पोर्टलंडने आधी काणाडोळा केला आणि खून पडल्यावर डोळे उघडले, हे ते नव्या गावात लोकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

बिलिंग्ज तेव्हा साधारण 80 हजार वस्तीचं शहर होतं. बहुतेक सगळे गोरे ख्रिस्ती. ज्यू कुटुंबं मोजकी, कृष्णवर्णीय थोडे, आणि आसपास मूळ अमेरिकन जमातींची वस्ती. 1993 च्या सुरुवातीला मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या कार्यक्रमाहून लोक परतले तर गाड्यांवर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची पत्रकं. मग ज्यू दफनभूमीतले थडग्यांचे दगड उलथलेले सापडले. कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी स्किनहेड येऊन मागे नुसते उभे राहू लागले. बोलायचे नाहीत, फक्त रोखून बघायचे. आणि एका मूळ अमेरिकन कुटुंबाच्या घराच्या भिंतीवर नाझी स्वस्तिक आणि मरणाची धमकी रंगवली गेली.

यापुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या चर्चमध्ये पुढच्या रविवारपासून शहरातल्या इतर चर्चची गोरी मंडळी येऊन बाकांवर बसायला लागली. त्यांनी भाषण केलं नाही की घोषणा दिल्या नाहीत, शेजारी बसून प्रार्थना म्हटली. काही दिवसांत स्किनहेड यायचे थांबले. आणि त्या घराच्या बाबतीत रंगाऱ्यांच्या स्थानिक कामगार युनियनने ठरवलं की हे आपलं काम आहे. सुमारे 30 रंगारी ब्रश-डबे घेऊन आले आणि फुकट सगळं घर रंगवून दिलं. शेजारपाजारचे शंभरेक लोक जमले होते. एखाद्या पुढाऱ्याने त्या घरी जाऊन सांत्वन केलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं असतं. ज्याला जे येतं ते त्याने तिथे येऊन केलं, त्याने त्या घरातल्या माणसांना आणि भिंत खराब करणाऱ्यांनाही नीट कळलं की हे घर एकटं नाही.

सगळ्यांना आठवतो तो प्रसंग यानंतरचा. 2 डिसेंबर 1993 ला रात्री कोणीतरी एका ज्यू कुटुंबाच्या पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीच्या खिडकीतून सिमेंटच्या विटेचा तुकडा भिरकावला. का तिथेच? त्या खिडकीवर मेनोराचं चित्र लावलेलं होतं. मेनोरा म्हणजे हनुक्का या ज्यू सणात लावतात तो शाखांचा दीप. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल कुटुंबांशी ज्यांची ओळख आहे त्यांना तो माहीत असेल. मूल त्या वेळी खोलीत नव्हतं म्हणून वाचलं. चौकशीला आलेल्या पोलिसाने आईला सल्ला दिला की खिडकीवरचं चित्र काढून टाका. आता हे मुलाला कसं सांगायचं, असं त्या बाईने स्थानिक ‘बिलिंग्ज गॅझेट’च्या बातमीदाराला विचारलं आणि ते छापून आलं.

मार्गारेट मॅकडोनाल्ड या मोंटानातल्या चर्च संघटनेचं काम बघणाऱ्या बाईंनी ते वाचलं. नाताळच्या दिवसांत ख्रिस्ती आईबापांना घरावरचा क्रूस किंवा झाड उतरवायला सांगितलं असतं तर कसं वाटलं असतं, हा विचार त्यांना सोडेना. त्यांना एक गोष्ट आठवली: नाझींनी ज्यूंना पिवळा तारा लावायची सक्ती केली तेव्हा डेन्मार्कच्या राजाने स्वतःच तो लावला. ही गोष्ट इतिहासात घडलेली नाही. डेन्मार्कमध्ये तशी सक्ती कधी झालीच नाही. खरं घडलं ते त्याहून मोठं होतं. ऑक्टोबर 1943 मध्ये साध्या डॅनिश माणसांनी मासेमारीच्या होड्यांतून 7 हजारांहून जास्त ज्यूंना स्वीडनला पोचवलं. पण बाईंना सुचायला ती दंतकथा पुरली. त्यांनी आपल्या पाद्रींना फोन केला, मेनोराच्या चित्राच्या झेरॉक्स काढल्या, चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या मुलांनी ती रंगवून घरोघरी खिडक्यांना चिकटवली. मग इतर चर्च आली, दुकानदार आले. 11 डिसेंबरला गॅझेटने पानभर मेनोराचं चित्र छापलं आणि वाचकांना ते खिडकीत लावायचं आवाहन केलं.

लोक घाबरले नाहीत असं नाही. असं चित्र लावलं तर आमच्यावर हल्ला होईल का, असे फोन इनमन यांच्याकडे येत होते. धोका आहे, पण न लावण्यात त्याहून जास्त आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोलीसप्रमुखाने असं बोलणं सोपं नाही. एखाद्याला खरोखर इजा झाली असती तर पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं असतं.

आणि धोका खराच निघाला. ज्यू मित्रांना हनुक्काच्या शुभेच्छा देणारा फलक लावलेल्या कॅथलिक शाळेच्या काचांवर गोळ्या झाडल्या गेल्या. एका मेथडिस्ट चर्चच्या काचा फुटल्या. चित्र लावलेल्या काही घरांपुढच्या गाड्या फोडल्या, आणि रात्री फोन करून ‘बाहेर जाऊन तुमची गाडी बघा’ असं सांगितलं गेलं. इथे बहुतेक गावं मागे हटली असती. बिलिंग्जमध्ये उलट झालं, काचा फुटल्यावर चित्रं वाढली. एका क्रीडासाहित्याच्या दुकानाने रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर ‘आमच्या गावात चालणार नाही’ अशा अर्थाची ओळ झळकवली. सणाच्या प्रार्थनेच्या वेळी सिनेगॉगबाहेर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबाहेर) ख्रिस्ती शेजारी मेणबत्त्या घेऊन पहाऱ्याला उभे राहिले. सणाच्या अखेरीपर्यंत मेनोरा लावलेल्या घरांचा आकडा कोणी सहा हजार सांगतं, कोणी दहा हजार. दगड मारणाऱ्यांना आता ज्यूंची घरं वेगळी ओळखू येईनात. हल्ले ओसरले. बिलिंग्जमध्ये एकाचाही जीव गेला नाही.

अमेरिकेत ही गोष्ट पुष्कळदा नुसती खिडकीतल्या चित्रांची म्हणून सांगितली जाते, ते मला खटकतं. चित्रं डिसेंबरात आली. त्याआधीचे कितीतरी महिने चर्चच्या मंडळींनी, रंगाऱ्यांनी, मानवी हक्क समितीने एकमेकांचे फोन नंबर जमवले होते, बैठका घेतल्या होत्या. पोलीसप्रमुख त्यांच्या बैठकांना येत होते. वीट पडली त्या दिवशी कोणाला फोन करायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी हीच वीट पडली असती तर आतल्या पानावर चार ओळींची बातमी झाली असती.

याच मोंटानातल्या व्हाइटफिश गावात 2016 च्या शेवटी एका नवनाझी संकेतस्थळाने तिथल्या ज्यू कुटुंबांचे पत्ते-फोन छापून त्यांच्यामागे धमक्यांचा मारा लावला आणि गावातून बंदुका घेऊन मोर्चा काढू म्हणून जाहीर केलं. गावकऱ्यांनी बिलिंग्जसारखीच खिडक्यांत मेनोरा लावली आणि जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत चौकात सभा भरवली. जाहीर केलेला मोर्चा निघालाच नाही.

आता पोर्टलंड, तुमच्या भावासाठी. खोटा दिलासा देणार नाही. मे 2017 मध्ये इथल्या मॅक्स लोकल गाडीत एक गोरा वर्चस्ववादी दोन मुलींवर ओरडत होता, त्यातली एक हिजाब घातलेली होती. तिघे पुरुष मध्ये पडले. त्याने तिघांवर सुरा चालवला, त्यात दोघे गेले. हे घडलं त्या, पोर्टलंडमधल्याच हॉलिवूड नावाच्या स्टेशनवरून मी आजही जातो, आणि मध्ये पडलेल्या त्या अनोळखी माणसांची आठवण न येता ते स्टेशन कधी मागे पडत नाही. पण हेही खरं की या शहराला 1988 चा धडा आठवतो. सेरावला मारलं त्या भागातल्या रस्त्यांवर 2018 मध्ये त्याच्या नावाच्या पाट्या लागल्या.

भावाला एवढं सांगा. शिव्या, धमकी, दारावर काही खरडलेलं, काहीही झालं तर फोटो काढून ठेवायचा आणि ‘जाऊ दे’ म्हणायचं नाही. आपली मुलं व्हिसाच्या भीतीने गप्प बसतात. ओरेगनच्या न्याय खात्याने 2020 पासून अशा द्वेषाच्या घटनांसाठी वेगळी हेल्पलाइन सुरू केली आहे. पोलिसांत जायचं नसेल तरी तिथे फोन करता येतो. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात पहिल्याच आठवड्यात ओळख करून घेऊ दे. आणि मराठी मुलांच्या घोळक्यापुरतं राहू नको म्हणावं, बिलिंग्जची ती माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत होती म्हणूनच एका फोनवर जमली. तो उतरल्यावर मला इथेच संदेश पाठवा. आमच्या गल्लीत मेक्सिकन, सोमाली, गोरे, तेलुगू असे सगळे आहेत, आणि रविवारी जेवायला एक पान जास्त मांडायला आमच्या घरी कधीच अडचण नसते.