दहावीच्या मुलाला गणितासाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन द्यावा का?

घ्या की, पुण्यात अप्पा बळवंत चौकात सहज मिळेल, पण त्याला आधीच सांगून ठेवा की स्टेट बोर्डाच्या दहावीच्या गणिताच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणजे आकडेमोड हातानेच करायची आणि नंतर उत्तर बरोबर आलंय का ते बघायला फक्त मशीन.

आता खरी गंमत बघा. दुकानदाराकडचा साधा कॅल्क्युलेटर २ + ३ × ४ चं उत्तर बहुतेक वेळा २० देतो, सायंटिफिकवाला १४ देतो, आणि बरोबर १४च, कारण गुणाकार आधी. वर्गसमीकरणात (ax² + bx + c = ०) b ची किंमत −५ असेल तर (−५)² असं कंसातच टाकायचं, नुसतं −५² टाकलं की −२५ येतं आणि मग b² − ४ac सगळंच गंडतं. हीच चूक पोरं वहीतसुद्धा करतात, म्हणून हे एकदा बसून नीट दाखवाच.

त्रिकोणमितीला मोड डिग्रीवर आहे ना ते आधी बघायचं. साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं, −०.९८८ आलं तर मोड रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे.

आणि हो, त्रिज्या ७ असेल तर २२/७ घेऊन क्षेत्रफळ १५४ येतं, कॅल्क्युलेटरचं पाय (π) बटण १५३.९४ दाखवतं, तिथे घाबरून बरोबर उत्तर खोडू नये, पेपरात दिलेलीच किंमत वापरायची. √२ पण तसंच ठेवायचं, १.४१४ मागितलं असेल तरच लिहा.