जुना गेम लावतो, पण मन लागत नाही

चाळिशीच्या आसपासचे पुरुष माझ्याकडे येतात ते बहुधा दुसऱ्याच कारणाने. झोप लागत नाही, बीपी वाढलंय, मुलगा ऐकत नाही. बोलता बोलता कधीतरी हा विषय निघतो. लहानपणी मारिओ, कॉन्ट्रा खेळताना जी मजा यायची ती आता कशातच येत नाही. नवे गेम दिसायला कितीतरी सरस, पण त्यांत जीव रमत नाही. आणि जुने शोधून आणले तर तेही दहा मिनिटांत फिके पडतात. ‘माझ्यातच काही बिघडलंय का?’ हे विचारताना माणसं ओशाळतात, कारण विषय खेळाचा असतो. मला त्यात ओशाळण्यासारखं काही दिसत नाही.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांची हकीकत सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

त्यांना पत्नी घेऊन आली होती. मुलगा नववीत, संध्याकाळ झाली की मोबाइलवर बीजीएमआय हा संघ करून खेळायचा लढाईचा गेम, आणि त्यावरून बाप-लेकात रोज खटके. ‘आमच्या वेळचे गेम तरी बरे होते,’ असं वडील एकदा म्हणाले, तेव्हा मुलगा उलट म्हणाला, ‘मग पप्पा, तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत गेम नुसते बदलत का बसता?’ पोराने अचूक टिपलं होतं. गृहस्थांनी टीव्हीला लावायची एक स्टिक विकत घेतली होती, तिच्यात हजारो जुने गेम. घर झोपलं की ते बसायचे, एक लावायचे, बंद करायचे, दुसरा लावायचे.

आधी मी नैराश्याची लक्षणं पाहिली. कशातच गोडी न वाटणं हे नैराश्याचं मोठं लक्षण असतं. पण यांची भूक शाबूत होती, कामात लक्ष होतं, देवळातल्या भजनाला पखवाज घेऊन बसले की भान हरपायचं. अडत होतं ते फक्त या एका ठिकाणी. आठवणींची ओढ हा आजार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ मध्ये या ओढीला पहिल्यांदा नाव दिलं तेव्हा तिला रोगच मानलं होतं. आज समज वेगळी आहे. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले सेडिकिडीस आणि वाइल्डशुट यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. माणूस एकटा पडला की ही ओढ वाढते, आणि आपण कुणाचे तरी आहोत हा आधारही तीच देते, असं त्यांना आढळलं. म्हणून ती कशाकडे ओढतेय, ते नीट बघायचं.

‘मला गेम नका सांगू,’ मी म्हणाले. ‘खोली सांगा.’

मग ते सांगत सुटले. गणेश चवथीला मूळ घरी सगळी चुलत भावंडं जमायची. काकांनी आखातातून आणलेला व्हिडिओ गेम, गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बांधून झाली की सोप्यातल्या टीव्हीला लागायचा. रिमोट दोन आणि पोरं सात-आठ. तीन लाइफ संपल्या की रिमोट पुढच्याच्या हातात. कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले, प्रत्यक्षात तेच पंधरा-वीस पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली: ते खेळले कमी आणि बघत बसले जास्त. नंबर लागेपर्यंत दुसऱ्याचा खेळ बघायचा, ओरडायचं, सल्ले द्यायचे.

कॉन्ट्राच्या तिसऱ्या स्टेजमध्ये धबधबा आहे. तिथे पडदा वर सरकत जातो. दोघे खेळत असतील आणि एक भराभर उड्या मारत वर गेला, तर मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. बाकीची भावंडं निघून जायची. मोठा चुलतभाऊ मात्र थांबायचा. वरून दगड गडगडत येताहेत, समोरून गोळ्या येताहेत, आणि दादा त्याच कड्यावर उभा. ‘तू ये, मी हलत नाही.’ हे सांगताना गृहस्थांचा आवाज बदलला. त्या दादाशी त्यांचं गेली काही वर्षं बोलणं नव्हतं. मूळ घराच्या वाटणीचं प्रकरण, गोव्यात त्याला इन्व्हेंटरी म्हणतात, कोर्टात चालू आहे.

मी त्यावर लगेच काही बोलले नाही. तेही गप्प होते.

आता, जुने गेम खरंच चांगले होते का? हा प्रश्न मी टाळत नाही. गेमचं काही नसतं, ती फक्त लहानपणाची आठवण असते, असं म्हणून लोकांना गप्प करू नये. फरक खरा आहे. १९८५ चा सुपर मारिओ अवघ्या ४० केबींत बसायचा. स्टेज ३२. एवढ्या जागेत खेळ लांबवायचा तर तो अवघडच हवा. सेव्ह करायची सोय नाही, त्यामुळे शेवटची लाइफ उरली की हाताला घाम फुटायचा. आणि शेवट होता. राजकन्या सुटली की घरी जाऊन जेवायचं. आजचे बरेचसे मोबाइल गेम संपतच नाहीत. रोज हजेरी लावली की बक्षीस, चुकली की तोटा. नवा सीझन, नवे कपडे, त्यासाठी पैसे. खेळणाऱ्याने उठूच नये अशी रचना मुद्दाम केलेली असते. यावर मुलांशी स्पष्ट बोललंच पाहिजे.

पण या गृहस्थांची मजा नव्या गेमनी घालवली नव्हती. ती त्या स्टिकने घालवली होती. तिच्यात कुठेही सेव्ह करता येतं. धबधब्यावर मेले की ते बटण दाबून दोन सेकंद मागे जायचे. भीती नाही, नंबराची वाट बघणं नाही, शेजारी ओरडणारं कुणी नाही, आणि कंटाळा आला की पुढचे हजारो गेम तयार. मग मन लागणार कशाला? मी एकच गेम नेमून दिला: कॉन्ट्रा, सेव्ह न करता, घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन, आणि लाइफ संपल्या की त्या रात्रीपुरतं बंद. तीनऐवजी तीस लाइफ देणारा कोड वापरला तरी चालेल म्हटलं.

मुलगा बसला. दोन संध्याकाळी खेळला आणि ‘बोअर आहे’ म्हणाला. वडील नाराज झाले, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वडिलांची आठवण मुलाला लागू पडावी असा नियम नाही. त्याऐवजी मी वडिलांना मुलाच्या शेजारी बसून एक आख्खी मॅच बघायला सांगितलं, तोंडातून शब्द न काढता. शंभर जण उतरतात, चौघांचा संघ, साधारण अर्धा तास चालतं. हेडफोन काढून स्पीकरवर लावायला मुलगा तयार झाला. वर्गातली तीन पोरं पलीकडून ओरडत होती. एकजण जखमी होऊन पडला तर हा धावत मागे गेला, आणि त्याला उठवताना स्वतः मेला.

‘मॅडम, हा थांबला हो त्याच्यासाठी,’ ते मला म्हणाले.

त्यानंतर नियम घालणं सोपं गेलं. मॅच चालू असताना मोबाइल हिसकावायचा नाही, कारण त्यात तिघांचं नुकसान होतं. किती मॅच, ते आधी ठरवायचं. अभ्यास आणि जेवण झाल्यावर दोन. गेममध्ये पैसे घालायचे नाहीत, आणि मोबाइल रात्री वडिलांच्या खोलीत. स्टिकचा रिमोटही रात्री अकरानंतर कपाटात, ही मुलाची अट. ती वडिलांनी मान्य केली.

दादाला फोन करा, असं मी सुचवलं नव्हतं. त्यांनीच एका रात्री धबधब्याच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला, सोबत एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘अजून तिथेच मरतोस?’ आता अधूनमधून फोन होतात. वाटणीचं प्रकरण कोर्टात आहे तिथेच आहे, आणि त्यावर दोघे बोलत नाहीत.

हे वाचून कुणाला आपल्या मुलाची किंवा स्वतःची काळजी वाटली, तर तास मोजत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. त्यात पाहतात ते असं: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. आणि गेमच काय, जेवण, माणसं, काम, कशातच दोन आठवड्यांहून अधिक काळ गोडी वाटत नसेल, तर तो आठवणींचा विषय राहत नाही. गोव्यात असाल तर बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात दाखवा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.