मावशीने विचारलं म्हणून माझा हात थांबला

प्रश्न असा आहे: ‘शिकलेली, चांगली माणसंही वरिष्ठांचा चुकीचा आदेश का पाळतात? मी तर सरळ नाही म्हणेन.’

शेवटचं वाक्य आधी खोडा. मिलग्रॅमचा विजेच्या झटक्यांचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, मी नर्सेसचं सांगते. 1966 साली हॉफ्लिंग या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने केलेल्या प्रयोगात अनोळखी डॉक्टर फोनवरून नर्सला 20 मिलिग्रॅम औषध द्यायला सांगायचा. डबीवर कमाल डोस 10 छापलेला. 22 पैकी 21 जणी ते घेऊन पेशंटकडे निघाल्या. (औषध खोटं होतं, वाटेतच अडवलं.) वेगळ्या 12 नर्सेसना नुसतं विचारलं, तर 10 जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही. तुमच्यासारख्याच.

मी त्या 21 जणींसारखीच निघाले होते. नोकरीचं दुसरं वर्ष, नाइट ड्युटी. पेशंटचं पोटॅशियम कमी आलं म्हणून रात्री अडीचला ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला. झोपेतला आवाज: “केसीएल एक अँप्युल दे.” मी विचारलं, “सर, पुश?” “हो, दे ना! किती विचारतेस.” फोन ठेवला. केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, असं ‘पुश’ करून थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं, ते सलाईनमधून हळूहळूच द्यायचं, हे मला पाठ होतं. तरी मी सिरिंज भरली. भीती वाटली नाही. सरांनी सांगितलंय, एवढंच डोक्यात. पेशंटजवळ बसलेल्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, हे तुम्ही नेहमी बाटलीत घालता ना?”

तिथे हात थांबला. पुन्हा फोन केला. सर म्हणाले, “अर्थात ड्रिपमध्येच!”

का पाळतात याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण 1977 मध्ये तसाच प्रयोग ओळखीचं औषध घेऊन झाला, नर्सेसना आपसात बोलायची मोकळीक होती, तेव्हा 18 पैकी दोघीच तयार झाल्या. एकटीने ठरवू नका. शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, ऑर्डर मोठ्याने वाचून दाखवा, लिहून मागा.

हे दर ऑर्डरला करायचं नाही, हेही सांगते. पेशंटचं हृदय बंद पडतं तेव्हा सांगितलं की लगेच हात चालले पाहिजेत.

सकाळी इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “ऑर्डर डॉक्टरांची, जबाबदारी त्यांची. मावशीचं ऐकून तू डॉक्टरांना उलट फोन करतेस?” तेव्हा मी मान खाली घातली. सिस्टर, सिरिंज माझ्या हातात होती. हो, मावशींचंच ऐकलं.