कान तुझे आहेत

प्रिय बाळा,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. आयुष्यातल्या पहिल्या रॉक कॉन्सर्टहून परतल्यावर माणूस गाण्यांविषयी लिहितो. तू मात्र कानांतून काढून खिशात टाकलेल्या दोन बोळ्यांविषयी लिहिले आहेस. मैत्रिणी हसल्या, ‘एवढी भीती वाटते तर आलीस कशाला’ असे कोणीतरी म्हणाले आणि दुसरे गाणे संपायच्या आत तू ते काढलेस. त्यानंतर दोन दिवस कानांत शिट्टी वाजते आहे, दडे बसले आहेत, आईला तू काही सांगितलेले नाहीस आणि मला विचारतेस की बोळे घालून ऐकणारा माणूस खरा चाहता असतो का.

या प्रश्नाचा मला राग आला, हे लपवत नाही. कान तुझे आहेत. त्यांचे काय करायचे, हे शेजारी उभ्या असलेल्यांनी कधीपासून ठरवायचे?

आतल्या कानात शंखासारखी वेटोळी घेतलेली एक नळी असते आणि तिच्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केसपेशी असतात. जन्मतः मिळाल्या तेवढ्याच. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. रॉक कॉन्सर्टमध्ये १०० डेसिबल ही काही अपूर्वाई नव्हे, आणि कॉन्सर्ट पंधरा मिनिटांत संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये आणि श्रोत्यांना कानांचे संरक्षण उपलब्ध असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तुझ्या खिशातले बोळे भित्रेपणाची खूण नव्हते, बाळा. तिथली ती सर्वांत समजूतदार गोष्ट होती.

मोठा आवाज या संगीतात आला तो गरजेपोटी, हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग. १९६५ साली बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवत होते, तेव्हा किंकाळ्यांमुळे त्यांना स्वतःचेच वाजवणे नीट ऐकू येत नव्हते. पुढे आवाज वाढवणारे अँप वाढले, स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या आणि गरजेची हळूहळू मर्दुमकी झाली. तिची किंमत वाजवणाऱ्यांनीही मोजली. एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ साली डॉक्टरांनी पूर्ण बहिरेपणाचा इशारा दिला आणि त्यांना दौरा अर्धवट सोडावा लागला. त्यांना कोणी कच्चा चाहता म्हणेल का?

मी सतराव्या वर्षी स्पीकरपासून हातभर अंतरावर उभा राहिलो होतो, तो संगीतासाठी नव्हे. मागे उभा राहिलो तर काय म्हणतील, या धाकापायी. डाव्या कानातली शिट्टी त्या रात्रीपासून आजवर थांबलेली नाही. पुढे मी एका बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवू लागलो. आमचा सराव बंद खोलीत चाले. गिटारवाल्याने अँप चढवला की ड्रमवाला आणखी जोराने वाजवी आणि मग मलाही आवाज वाढवावा लागे. दीड वर्ष मी ते सोसले आणि मग बँड सोडला. ते सोडणे चूक नव्हते. मी घाबरलो असे तेव्हा म्हटले गेले, आजही कोणी म्हणत असेल, पण मी घाबरलो नव्हतो, मला माझे ऐकणे शाबूत हवे होते. चूक वेगळीच झाली. मी त्यांना खरे कारण सांगितले नाही. अभ्यासाचे निमित्त सांगून निघून आलो. ‘आवाज कमी करा, माझे कान दुखतात’ हे एक वाक्य मी उच्चारले असते, तर त्यांच्यापैकी निदान एकाने तरी ऐकले असते, असे मला अजून वाटते. म्हणून तू आईपासून हे लपवलेस, ते मला त्या मुलींच्या हसण्यापेक्षाही अधिक लागले.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, जी तू लिहून घाईने पुढे गेली आहेस. संथ गाण्यात बाकी सारे थांबून नुसता बेस उरला, तो तुला बरगड्यांत जाणवला आणि डोळे भरून आले. आजूबाजूला सगळे फोन उंचावून चित्रण करत होते. बाळा, ते ज्याने टिपले ते कान तुझे आहेत. खरा चाहता कोण, हे त्या ओळीनंतर विचारायचे राहत नाही.

पुढच्या वेळी फोमचे बोळे नकोत. ते वरचे सूर जास्त दाबतात, म्हणून गाणे घोगरे वाटते. वादक वापरतात तसे फिल्टरचे इअरप्लग घे, त्यांत सगळे सूर साधारण सारखेच उतरतात आणि शब्दही कळतात. उभी राहा ती आवाजाच्या मिक्सरजवळ, कारण साउंड इंजिनिअर तिथे बसून जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो. स्पीकरसमोर पहिल्या रांगेत मुळीच नको, मग तिथे कोणीही बोलावो. मधेच बाहेर जाऊन कानांना थोडी विश्रांती दे. एखादे गाणे हुकले तर हुकू दे.

हे पत्र वाचून झाले की आधी आईला सांग. शिट्टी अजून असेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल, तर उद्याच कानाच्या डॉक्टरांकडे जा, परवावर टाकू नकोस. शिट्टी थांबली म्हणजे आत सारे पूर्ववत झाले, असेही समजू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते मला लगेच कळव, आणि ते संथ गाणे कोणते होते तेही.

तुझा,
काका