कॅथेड्रलचे फोटो, सगळ्यांसाठी

प्रश्न : जूनमध्ये लेकीकडे पॅरिसला चाललेय. विकिमीडिया कॉमन्ससाठी (जिथले फोटो कुणीही मोफत वापरू शकतं, तो ऑनलाइन साठा) जवळपासच्या कॅथेड्रल्सचे फोटो काढायचेत, प्लॅन कसा करू?

उत्तर : ताई, किती छान काम हाती घेतलंय! शार्त्र, आमियाँ, रँस, तिन्ही ट्रेनने सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखी आहेत, पण एका दिवसात एकच करा. दर्शनी भाग पश्चिमेकडे असतो म्हणून तो दुपारनंतर घ्या, सकाळी आत थांबा, शार्त्रच्या रंगीत काचांमधला निळा तेव्हा असा पेटतो की बघत राहावं, फक्त एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) काचेवर ठेवा नाहीतर खिडकी पांढरीफटक येते. आणि हो, रँसमध्ये मुख्य वेदीमागे चित्रकार मार्क शागालच्या 1974 च्या खिडक्या आहेत, मन भरून बघा पण अपलोड नको, ते 1985 ला गेले, कॉपीराइट अजून चालू आहे, फोटो डिलीट होतो.