कच्चे कैदी घटले, तफावत का राहिली?

प्रश्न : अमेरिकेतील काउंटी (म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागांची) प्रशासने तुरुंगांतील गर्दी कमी करीत असून, त्यामुळे कृष्णवर्णीयांवरील अन्यायही कमी होईल, असे वाचनात आले. गुन्हेच कमी झाल्याखेरीज काउंटी कैदी कसे कमी करणार, आणि कैदी घटले की वांशिक तफावत आपोआप घटायला नको का?
– एक वाचक

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर तुरुंगाच्या प्रकारात आहे. अमेरिकेत दीर्घ शिक्षा झालेले कैदी राज्यांच्या किंवा संघराज्याच्या कारागृहांत जातात, तर काउंटीच्या तुरुंगात अटक झालेल्यांना आणि अल्प मुदतीची शिक्षा भोगणाऱ्यांना ठेवले जाते. 2022 च्या मध्यावर अशा स्थानिक तुरुंगांत सुमारे 6,63,000 माणसे होती आणि त्यांच्यातील शेकडा 70 जणांवरचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नव्हता. आपल्या भाषेत ते कच्चे कैदी. म्हणजे गर्दी ठरते ती गुन्ह्यांच्या संख्येइतकीच जामिनाच्या रकमेवर आणि खटला किती रेंगाळतो यावर, आणि या गोष्टी स्थानिक पातळीवर बदलता येतात.

टेक्सासमधील हॅरिस काउंटीचे, म्हणजे ह्यूस्टन शहराच्या परिसराचे, उदाहरण घ्या. 2016 मध्ये एका तरुण आईला वैध परवान्याशिवाय गाडी चालवल्याबद्दल अटक झाली आणि तिला 2,500 डॉलरचा जामीन सांगण्यात आला. तेवढे पैसे असते तर ती त्याच दिवशी घरी गेली असती. ते नव्हते म्हणून ती तुरुंगात राहिली. तिने दावा लावला आणि 2017 मध्ये न्यायाधीश ली रोझेन्थाल यांनी, किरकोळ आरोपांवरील माणसांना केवळ ऐपत नाही म्हणून डांबून ठेवण्याची ही पद्धत राज्यघटनेच्या विरोधात असल्याचा निर्णय दिला. 2019 मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि अशा आरोपांतील बहुतेकांना जातमुचलक्यावर सोडण्याचा नियम आला. खिशातले पैसे पाहून कोंडणे हा न्याय नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्या समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती साठू दिली गेली नाही, त्याच्यावर या पद्धतीचा भार जास्त पडणार हेही उघड आहे. 2019 मध्ये दर लाख गोऱ्या रहिवाशांमागे 184 जण स्थानिक तुरुंगांत होते, तर दर लाख कृष्णवर्णीयांमागे 600.

आता आपल्या प्रश्नाचा खरा अवघड भाग. न्यू जर्सी राज्याने 1 जानेवारी 2017 पासून रोख जामीन जवळजवळ बंद केला. 2012 मध्ये तेथील काउंटी तुरुंगांत सुमारे 15,000 कैदी होते, ते 2018 मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास आले. कृष्णवर्णीय कैदी तीन हजारांहून अधिक संख्येने कमी झाले आणि तितक्या कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठाच बदल आहे. पण एकूण कैद्यांतील त्यांचा वाटा 2012 मध्ये शेकडा 54 होता आणि 2018 मध्येही 54 च राहिला.

असे का होते, ते कागदावर मांडून पाहावे. समजा, एका तुरुंगात 100 कच्चे कैदी आहेत : 60 कृष्णवर्णीय, 40 गोरे. काउंटीने ठरवले की किरकोळ आरोपांवरील सर्वांना सोडायचे. गोऱ्यांपैकी 20 जण आणि कृष्णवर्णीयांपैकी 24 जण या नियमात बसले. आता आत 20 गोरे आणि 36 कृष्णवर्णीय उरले. म्हणजे कृष्णवर्णीयांचा वाटा 60 वरून 64 वर गेला. कोणीही पक्षपात केला नाही, नियम सर्वांना एकच होता, तरीही तफावत वाढली. कारण ‘किरकोळ’ कोण आणि ‘धोकादायक’ कोण, हे ठरवताना आधीच्या शिक्षा मोजल्या जातात, आणि पोलिसांची गस्त ज्या वस्तीत जास्त असते तिथल्या माणसाच्या नावावर अशा नोंदी लवकर साचतात. न्यू जर्सीत सुटकेच्या शिफारशीसाठी जी गुणपद्धती वापरतात, तिच्या 9 घटकांत वंश नाही. पण पूर्वीच्या शिक्षा आहेत.

म्हणून गर्दी कमी करणे आणि तफावत कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे मी मानतो. दुसऱ्या कामासाठी अटक, आरोपपत्र, जामिनाची सुनावणी आणि परिवीक्षेच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहण्याच्या) अटी मोडल्याबद्दलची कोठडी या प्रत्येक दारावर, कोणत्या वंशाची किती माणसे अडली आणि किती पुढे गेली, याचा हिशेब ठेवावा लागतो. अडचण अशी की शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, आणि सरकारी वकील बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे निवडून येतात, न्यायाधीश काउंटी मंडळाच्या आज्ञेत नसतात आणि शहराचे पोलीस तर महापौरांकडे. 2015 मध्ये मॅकआर्थर प्रतिष्ठान या खासगी देणगीदार संस्थेने काउंट्यांना निधी देण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याचा काही भाग या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्यात गेला, आणि तो खर्च योग्यच होता असे मला वाटते.

प्रश्न : पैसे अडकलेले नसतील, तर आरोपी तारखेला हजर राहतो का?
– एक वाचक

उत्तर : बहुतेक राहतात. फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी फेब्रुवारी 2018 मध्ये 25 प्रकारच्या गुन्ह्यांत रोख जामीन मागणे थांबवले. पुढे झालेल्या अभ्यासात गैरहजेरी किंवा नवे गुन्हे वाढल्याचे आढळले नाही. इलिनॉयने तर 18 सप्टेंबर 2023 पासून संपूर्ण राज्यातच रोख जामीन रद्द केला. शिवाय गैरहजर राहणारा प्रत्येक जण पळालेला असतो, ही समजूतही तपासून पाहावी. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सचा कागद नव्याने आखून न्यायालयाची तारीख, वेळ आणि पत्ता अगदी वर आणला, आणि तारखेआधी मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले. केवळ संदेशांनी गैरहजेरी सुमारे एक-पंचमांशाने कमी झाली.